पाळीवर जाताना ॲलर्जीची गोळी

‘झोप न आणणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिन ही त्यांतली नेहमी मिळणारी औषधे. यांपैकी काहींनी थोडी गुंगी येते, काहींनी जवळजवळ येत नाही. आणि एकाला न बाधणारी गोळी दुसऱ्याला पेंग आणू शकते. घरी बसून दिवस काढायचा असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही. लूमवर उभे राहायचे असेल, तर तोच फरक बोट वाचवतो किंवा घालवतो.

सुरतेतील बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतले बरेच जण लूमच्या खात्यात, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर किंवा डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. धाग्याची उडती कसपटे, रंगांची वाफ, खाडीकाठचा दमटपणा आणि दाटीवाटीच्या खोल्या यांमुळे शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज आणि अंगावर उठणाऱ्या गांधी ही इथली रोजची तक्रार. तिच्याबरोबर येणारे प्रश्नही ठरलेले असतात. गोळी घेऊन मशीनवर उभे राहिले तर चालेल का? चिठ्ठीवर ‘रात्री एक’ लिहिले आहे, पण पाळीच रात्रीची असेल तर काय करायचे? एका गोळीने भागले नाही तर दोन घ्याव्यात का? रोज घेतली तर सवय लागते का?

आधी ठरवावे: ही ॲलर्जीच आहे का

अँटिहिस्टामिन गोळी शरीरातील हिस्टामिन या द्रव्याचा परिणाम अडवते. हिस्टामिनमुळे होणाऱ्या त्रासावरच ती चालते, बाकीच्या त्रासावर नाही. म्हणून गोळी निवडण्याआधी त्रास ओळखावा लागतो.

एकामागून एक शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, नाक-डोळे-टाळूची खाज आणि ताप अजिबात नाही, असे असेल तर बहुधा ॲलर्जी असते. अंग दुखते, घसा खवखवतो, ताप येतो आणि आठ-दहा दिवसांत सगळे आपोआप ओसरते, असे असेल तर ती साधी सर्दी. तिच्यावर या गोळ्यांचा उपयोग फार थोडा. खात्यात हवेच्या पाइपने मशीन साफ करताना धूळ उडाली की सगळेच शिंकतात. ती ॲलर्जी नसून धुळीची चीड असते. तिच्यावर गोळीपेक्षा नाकातोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क जास्त कामाचा. रुमालाने बारीक धूळ अडत नाही.

छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल, पहाटे खोकल्याची उबळ येत असेल, तर तो दमा असू शकतो. दम्यावर ॲलर्जीची गोळी हा उपचार नाही; तिथे श्वासातून घेण्याचे औषध लागते. सुती धाग्याच्या धुळीत काम करणाऱ्यांना साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल आणि आठवडाभरात ती हळूहळू सैल होत असेल, तर ती बिसिनोसिस या कापूस-धुळीच्या आजाराची खूण असू शकते. अशा वेळी गोळ्या खात दिवस काढणे म्हणजे फुप्फुसांचे नुकसान वाढू देणे.

कातडीच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. गांधी लाल, उंच, खाजऱ्या असतात. एका जागची गांध साधारण चोवीस तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे नवी उठते. त्यांवर अँटिहिस्टामिन चांगले चालते. पुढील तीन आजारांत मात्र गोळीने फक्त खाज थोडी दबते आणि आजार पसरत राहतो:

- खरूज. खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ असते आणि खोलीतल्या दोघा-चौघांना एकाच वेळी त्रास असतो. परमेथ्रिनचे मलम खोलीतल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे लागते, कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात. एकट्याने उपचार घेतला तर खरूज परत येऊ शकते.
- गजकर्ण, नायटा. जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोल चकती, कडेला लाल आणि मधे फिकी. हा बुरशीचा आजार. त्यावर स्टिरॉइडमिश्रित मलम लावले की तो आधी बरा झाल्यासारखा वाटतो आणि मग दुप्पट पसरतो.
- रंगांचा संपर्कदाह. डाइंग-प्रिंटिंगमध्ये जिथे रंग लागतो तिथेच, म्हणजे पंजे आणि कोपराखालचे हात, लाल होतात, चिरतात, पाझरतात. इथे हातमोजे आणि त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला लागतो. कोणता रंग बाधतो हे पॅच टेस्टने कळते.

पट्टी उलटी करून वाचावी

मेडिकलमध्ये ‘ॲलर्जीची गोळी द्या’ एवढेच म्हटले तर समोर काय येईल याचा भरवसा नसतो. पट्टीच्या पुढच्या बाजूला कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरांत असते. औषध कोणते आणि किती मिलिग्रॅम, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते. निर्णय या मागच्या ओळीवर घ्यायचा. इंग्रजी वाचायला अडत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ती ओळ वाचून घ्यावी आणि औषधाचे नाव मराठीत वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवावे. पुढच्या वेळी त्याच नावाने मागता येते, मग कंपनी कोणतीही असो.

मागच्या ओळीत क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन किंवा सायप्रोहेप्टाडिन यांपैकी नाव दिसले, तर ती जुन्या पिढीची, गुंगी आणणारी गोळी आहे. ‘एव्हिल’ या नावाने घरोघरी ओळखली जाणारी गोळी म्हणजे फेनिरामिन, म्हणजे याच गटातली. या गोळ्या मेंदूत सहज शिरतात. रात्री घेतलेल्या गोळीचा जडपणा सकाळीही राहू शकतो आणि झोप येत नसली तरी हात-डोळ्यांची चपळाई कमी झालेली असते, जे घेणाऱ्याला स्वतःला कळत नाही. शिवाय तोंड कोरडे पडते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब वाढतो. मशीनवर, दुचाकीवर किंवा उंचीवर काम करणाऱ्याने या गोळ्या कामाच्या दिवशी टाळाव्यात.

नव्या गोळ्यांपैकी कोणती

निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी नेहमीचे डोस आणि लक्षात ठेवण्याच्या गोष्टी अशा:

- फेक्सोफेनाडिन: नाकाच्या ॲलर्जीसाठी १२० मिलिग्रॅम, गांधींसाठी १८० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. मेंदूत जवळपास शिरत नाही, म्हणून गुंगीच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित निवडींपैकी एक.
- बिलास्टिन: २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. गुंगी फार कमी. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, रिकाम्या पोटीच घ्यावी लागते.
- लोराटाडिन: १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ठरलेल्या डोसमध्ये गुंगी कमी, डोस वाढवला तर येऊ शकते. डेसलोराटाडिन ५ मिलिग्रॅम हे तिचेच पुढचे रूप.
- सेट्रिझिन: १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी. तासाभरात गुण दाखवते, पण या गटात गुंगी हिच्यामुळे जास्त येते.
- लिव्होसेट्रिझिन: ५ मिलिग्रॅम, सहसा संध्याकाळी. सेट्रिझिनचाच प्रभावी अर्धा भाग, त्यामुळे गुंगी येऊ शकते.

सेट्रिझिनबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण सर्वाधिक गैरसमज तिच्याबद्दल आहे. ती नव्या पिढीची आहे, म्हणून तिने झोप येतच नाही, असे धरले जाते. अमेरिकेतील तिच्या माहितीपत्रकानुसार चाचण्यांत १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना पेंग आली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. म्हणजे बहुसंख्यांना काही होत नाही, पण एका पाळीतल्या वीस कारागिरांनी ती घेतली तर दोघा-तिघांना पेंग येण्याची शक्यता धरावी. अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन वैमानिकांना फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन चालू देते. सेट्रिझिन आणि लिव्होसेट्रिझिन घेऊन उड्डाण करू देत नाही. ज्याच्या हाताखाली धावता धोटा किंवा फिरता रोलर आहे, त्याने हाच निकष स्वतःला लावणे शहाणपणाचे. सेट्रिझिन वाईट औषध नव्हे. घरी असणाऱ्यांना, किंवा जिला तिने काही होत नाही अशा व्यक्तीला, ती उत्तम आहे.

निवड कोणतीही असो, नवी गोळी पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घ्यावी. त्या दिवशी गाडी चालवू नये. गोळी घेतल्यावर पहिल्या काही तासांत डोळे जड होतात का, जांभया येतात का, डोके मंद वाटते का, हे घरच्यांनाही बघायला सांगावे. त्रास जाणवला नाही, तरच ती कामाच्या दिवशी वापरावी.

रात्रपाळी आणि ‘रात्री एक’

चिठ्ठीवर डॉक्टर ‘रात्री एक’ लिहितात, तेव्हा त्यांच्या मनात ‘झोपण्याआधी’ असते. रात्री आठ ते सकाळी आठ पाळी करणारा कारागीर ती सूचना जशीच्या तशी पाळतो, रात्री जेवून गोळी घेतो आणि तासाभरात, गोळीचा जोर चढत असतानाच, लूमसमोर उभा राहतो. ही चूक अगदी सहज होते आणि तितकीच सहज टाळता येते.

सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन असेल, तर रात्रपाळीवाल्याने ती सकाळी खोलीवर परतल्यावर, अंथरुणावर पडण्याआधी घ्यावी. परिणाम साधारण चोवीस तास राहतो, त्यामुळे पुढच्या पाळीतही शिंका आटोक्यात राहतात. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर बदलाच्या दिवशी दोन गोळ्यांमधले अंतर चोवीस तासांपेक्षा कमी होऊ देऊ नये. एक वेळ थोडी उशिरा घेतलेली चालते, दोन गोळ्या जवळजवळ पडलेल्या चालत नाहीत. चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दुप्पट डोस कधीच घेऊ नये. फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिन घेणाऱ्यांना वेळेचा एवढा विचार करावा लागत नाही. पाळी फिरती असणाऱ्यांना ही औषधे सोयीची पडतात, याचे हेही एक कारण. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपली पाळी कोणती हे आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

बारा तासांची पाळी, अपुरी झोप आणि गोळी ही तिन्ही एकत्र आली की ‘झोप न आणणारी’ गोळीही झोप आणते. रात्रपाळी संपवून दुचाकीवर घरी निघणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

नकळत होणारा दुहेरी डोस

अनेकांच्या खिशात एकाच वेळी तीन पट्ट्या सापडतात. एक सर्दीची संयुक्त गोळी, एक डॉक्टरांनी दिलेली मॉन्टेलुकास्ट-लिव्होसेट्रिझिन आणि एक मित्राने दिलेली सेट्रिझिन. नावे तीन, पण तिन्हींत अँटिहिस्टामिन आहे. सर्दीच्या संयुक्त गोळीत सहसा पॅरासिटामॉल, नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिन असते. खोकल्याच्या काही सिरपांतही जुन्या पिढीचे अँटिहिस्टामिन असते. म्हणून कोणतीही दोन औषधे एकत्र घेण्याआधी दोन्ही पट्ट्यांच्या मागच्या ओळी ताडून पाहाव्यात. ‘-झिन’, ‘-टाडिन’, ‘-निरामिन’ असे शेवट दोन्हीकडे दिसले की थांबावे आणि विचारावे.

हट्टी गांधींसाठी डॉक्टर कधी कधी नव्या पिढीच्या गोळीचा डोस चौपटीपर्यंत वाढवतात. जागतिक मार्गदर्शक सूचनांत त्याला जागा आहे. पण तो निर्णय किडनी, हृदय आणि चालू औषधे पाहून घेतलेला असतो. शेजाऱ्याला दोन चालल्या म्हणून आपणही दोन घेणे वेगळे.

मॉन्टेलुकास्ट असलेल्या संयुक्त गोळीबद्दल एक सूचना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये मॉन्टेलुकास्टवर सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. काही जणांत भयानक स्वप्ने, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार दिसले होते. केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी दुसरी औषधे पुरत असतील तर हे देऊ नये, असेही त्या प्रशासनाने सांगितले. चिठ्ठीत हे औषध असेल तर ‘मला साधे अँटिहिस्टामिन पुरेल का?’ असे डॉक्टरांना विचारावे. घेत असताना स्वभावात बदल जाणवला तर लगेच कळवावे.

कशाबरोबर घ्यावी, कशाबरोबर नाही

फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिन साध्या पाण्याबरोबर घ्यावीत. संत्रे, मोसंबी, सफरचंद अशा फळांच्या रसाबरोबर घेतल्यास औषध अंगात कमी शोषले जाते. नाक्यावर मोसंबीचा रस पिता पिता गोळी गिळणाऱ्याला ‘ही गोळी लागूच पडत नाही’ असे वाटते, त्यामागे हे कारण असू शकते. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेले ॲसिडिटीचे औषधही फेक्सोफेनाडिनचा परिणाम कमी करते; दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. ‘अंगावर पित्त उठले’ म्हणून ॲसिडिटीचे पातळ औषध आणि ॲलर्जीची गोळी एकदमच घेण्याची पद्धत इकडे आहे, ती सोडावी.

दारू, झोपेच्या गोळ्या, चिंतेवरची, फिट्सवरची आणि काही वेदनाशामक औषधे यांच्याबरोबर गुंगी वाढते. इट्राकोनाझोल, किटोकोनाझोल या गजकर्णावरच्या गोळ्या किंवा एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके चालू असतील, तर एबास्टिन किंवा रुपाटाडिन ही अँटिहिस्टामिने विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्तातले त्यांचे प्रमाण बरेच वाढू शकते. गजकर्ण आणि खाज एकत्र असणारे रुग्ण या भागात भरपूर असल्याने ही जोडी सहज जुळून येते. ‘झोप येत नाही म्हणजे निर्धोक’ या समजाला पूर्वीही तडा गेला आहे. टर्फेनाडिन आणि ॲस्टेमिझोल ही झोप न आणणारी पहिली औषधे अशाच जोड्यांमुळे हृदयाचे ठोके बिघडवत असल्याचे दिसले आणि भारतात २००३ मध्ये त्यांवर बंदी आली. आज मिळणारी औषधे त्या मानाने बरीच सुरक्षित आहेत, मात्र हृदयाच्या ठोक्यांचा आजार असलेल्यांनी तो सांगूनच औषध घ्यावे.

ज्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये

किडनीचा आजार असणाऱ्यांत सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन आणि फेक्सोफेनाडिन शरीराबाहेर पडायला वेळ लागतो. डोस कमी करावा लागतो, आणि किडनी पूर्ण निकामी असेल तर लिव्होसेट्रिझिन वर्ज्य आहे. मधुमेह आणि रक्तदाब अनेक वर्षे असलेल्यांनी किडनीची तपासणी केव्हा झाली हे आठवून पाहावे. अनेकांची झालेलीच नसते. लिव्हरचा आजार असेल तर लोराटाडिनचा डोस बदलतो. साठीपुढच्या आई-वडिलांना जुन्या पिढीची गोळी देणे टाळावे. तोल जाऊन पडणे, गोंधळल्यासारखे होणे, लघवी अडणे हे त्रास त्यांना लवकर होतात.

गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारून. लोराटाडिन आणि सेट्रिझिन यांचा अनुभव पुष्कळ असल्याने गरज पडल्यास डॉक्टर सहसा यांतून निवडतात. अंगावर पाजणाऱ्या आईसाठीही हीच दोन औषधे पसंत केली जातात. जुन्या पिढीच्या गोळीने बाळ सुस्त पडू शकते.

लहान मुलांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नये. सिरप आणि थेंब यांतले औषधाचे प्रमाण वेगवेगळे असते, त्यामुळे सिरपचा डोस थेंबांना लावला तर मूल जास्त औषध घेऊन बसते. मोजायला बाटलीबरोबरचे झाकण किंवा पिचकारीच वापरावी, स्वयंपाकघरातला चमचा नव्हे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे. मूल रात्री शांत झोपावे म्हणून ॲलर्जीचे औषध पाजणे तर पूर्ण बंद व्हायला हवे.

किती दिवस घ्यावी

त्रास कधीमधी होत असेल तर लागेल तेव्हा एक गोळी पुरते. धूळ आणि दमटपणा रोजचा असेल, तर त्रास झाल्यावर घेण्यापेक्षा काही आठवडे रोज ठरल्या वेळी घेतल्याने जास्त गुण येतो. या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही. मात्र सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन अनेक महिने रोज घेऊन एकदम बंद केल्यावर काही थोड्या जणांना अंगभर तीव्र खाज सुटल्याचे आढळले, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये तसा इशारा दिला. असे झाले तर घाबरू नये, डॉक्टरांना सांगून गोळी हळूहळू कमी करावी. गांधी सहा आठवड्यांहून जास्त टिकल्या तर तो दीर्घकालीन आजार मानला जातो; त्याची तपासणी आवश्यक असते.

ॲलर्जीची सुई टोचून करायची त्वचाचाचणी ठरली असेल, तर या गोळ्या साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात. नाहीतर चाचणीचा निकाल खोटा येतो आणि पैसे फुकट जातात.

गोळीने भागत नाही तेव्हा

चोंदलेल्या नाकावर या गोळ्या कमजोर ठरतात. नाक सतत बंद राहत असेल तर फ्लुटिकाझोन किंवा मोमेटाझोनसारखा स्टिरॉइडचा नाकातला फवारा अधिक परिणामकारक आहे. फवाऱ्यातल्या स्टिरॉइडचे प्रमाण अत्यल्प असते, पण गुण यायला काही दिवस लागतात. दोन दिवसांत सोडून देऊ नये. नाकाच्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारावा. पाळी संपल्यावर मिठाच्या निर्जंतुक पाण्याने नाक धुतल्यासही पुष्कळ आराम मिळतो. याउलट नाक क्षणात मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासे होते.

काही दवाखान्यांत खाजेवर ‘एव्हिल-डेक्सा’चे इंजेक्शन चटकन दिले जाते. पहिले जुने अँटिहिस्टामिन, दुसरे स्टिरॉइड. आराम जादूसारखा वाटतो, म्हणून रुग्ण स्वतःच ते मागतात. वारंवार घेतल्यास साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, खरूज किंवा गजकर्ण असेल तर ते फोफावते; आणि इंजेक्शन घेऊन लगेच पाळीवर जाणे तर धोक्याचेच. इंजेक्शन पुढे केले गेले की ‘यात स्टिरॉइड आहे का, गोळीने चालणार नाही का?’ असे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

गोळीची वाट पाहू नये अशी वेळ

गांधी उठताहेत आणि त्याबरोबर ओठ, जीभ किंवा घसा सुजतो आहे, आवाज बसतो आहे, श्वास घेता येत नाही, चक्कर येऊन माणूस कोसळतो आहे, एकसारख्या उलट्या होताहेत, तर ती जीवघेणी ॲलर्जी आहे. औषध, इंजेक्शन, मधमाशीचा दंश किंवा एखादा खाद्यपदार्थ यांनंतर काही मिनिटांत ती उद्भवू शकते. तिच्यावरचे पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. अँटिहिस्टामिन गोळी इथे वेळ घालवते. तत्काळ १०८ ला फोन करावा, माणसाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर टेकून बसू द्यावे. उठवून चालवत नेऊ नये, रिक्षासाठी उभे करू नये. जवळचा दवाखाना दारातच असेल तर तिथल्या डॉक्टरला बोलावून घ्यावे. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास देखरेखीखाली राहावे, कारण त्रास पुन्हा उसळू शकतो.

मेडिकलवर आणि दवाखान्यात काय मागता येते

- औषधाचे बिल. त्यावर औषधाचे नाव, बॅच नंबर आणि मुदत असावी. गोळ्या सुट्या घेताना मुदत छापलेला तुकडा पट्टीला राहील असे कापून मागावे. घामाने भिजणाऱ्या खिशात सुट्या गोळ्या ठेवू नयेत.
- स्वस्त पर्याय. सेट्रिझिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्या कमाल किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे. जनऔषधी केंद्रात तेच औषध आणखी कमी दरात मिळू शकते. मागच्या ओळीतले नाव आणि मिलिग्रॅम तेच असतील तर औषध तेच.
- फार्मासिस्टशी बोलणे. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असणे बंधनकारक आहे आणि परवाना दर्शनी भागात लावलेला असावा लागतो. पाळी, चालू औषधे, आजार हे त्यालाच सांगावे, गल्ल्यावरच्या पोऱ्याला नव्हे. पट्टीवर ‘आरएक्स’ ही खूण आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असेल, तर चिठ्ठी मागितली म्हणून वाद घालू नये.
- सरकारी उपचार. सुरत महापालिकेची आरोग्य केंद्रे, स्मीमेर रुग्णालय आणि मजुरा गेटजवळचे नवे सिव्हिल हॉस्पिटल इथे तपासणी होते. गावाकडून तापी लाइनच्या गाडीने येताना जुन्या चिठ्ठ्या आणि पट्ट्या सोबत आणाव्यात. भाषा वेगळी असली तरी पट्टी डॉक्टरांना कळते.
- ईएसआय (कर्मचारी राज्य विमा). दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआयचे संरक्षण मिळते. कार्ड मिळाले नसेल तर मालकाकडे विचारणा करावी. कापूस-धुळीचा आजार आणि कामामुळे होणारा दमा ईएसआयच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. म्हणून केस पेपरवर ‘सर्दी-खोकला’ एवढेच न राहता काम कोणते, किती वर्षांपासून आणि सुट्टीच्या दिवशी त्रास कमी होतो का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पुढे दावा करायची वेळ आली तर हीच नोंद उपयोगी पडते.

गोळीने अनपेक्षित त्रास झाला, पुरळ आले, छातीत धडधडले किंवा मशीनवर डुलकी लागली, तर पट्टी फेकून देऊ नये. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालणाऱ्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः किंवा घरचे तक्रार नोंदवू शकतात. बिल नाकारणे किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे यांबद्दल १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. दोन्हीकडे औषधाचे नाव, बॅच नंबर आणि गोळी घेतल्याची वेळ विचारली जाऊ शकते, त्यामुळे फोन करताना पट्टी आणि बिल हाताशी असू द्यावे.